शेल ऑइलसाठी सीओटूचा एमएमपी: चार ठिकाणाहून चार आकडे आलेत, वर कुठला सांगू?

शेलकट

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. टाइट शेलमधलं, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या घट्ट दगडातलं तेल आहे, तापमान २३० फॅरनहाइट, सी५ प्लसचं (पाच किंवा जास्त कार्बनवाल्या जड घटकांचं) मॉलिक्युलर वेट १८० आणि मीथेन ३० मोल टक्के. विहिरीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) हफ अँड पफ करायचं घाटतंय, म्हणजे सीओटू आत सोडायचा, विहीर बंद करून मुरू द्यायचा आणि मग त्याच विहिरीतून तेल काढायचं. साहेबांचा प्रश्न एका ओळीचा आहे, किमान किती प्रेशरला हा गॅस या तेलात पूर्ण मिसळेल, म्हणजे एमएमपी (मिनिमम मिसिबिलिटी प्रेशर) किती.

आता गंमत बघा. यलिग-मेटकाफचं सूत्र लावलं तर २८५२ पीएसआय येतं. क्रॉनक्विस्टचं लावलं तर ३४५९. आधीच्या माणसाने बाहेरच्या लॅबकडून स्लिम ट्यूब टेस्ट करून घेतली होती, तिचा रिपोर्ट म्हणतो २७५०. आणि मी स्वतः एक मशीन लर्निंगचं मॉडेल बनवलंय, छापून आलेला डेटा गोळा करून, त्यात पोअर रेडियस, म्हणजे दगडातल्या छिद्राची त्रिज्या, पण इनपुट म्हणून टाकलाय कारण शेलमध्ये तोच तर मुद्दा आहे ना, तर १० नॅनोमीटरला ते २२०० सांगतं. आर स्क्वेअर ०.९७ आहे (१ म्हणजे अगदी अचूक), तेही टेस्ट सेटवर, म्हणजे शिकवताना बाजूला ठेवलेल्या डेटावर.

पेपरांत तर सगळीकडे हेच लिहिलेलं असतं की नॅनोपोअरमध्ये एमएमपी कमी होतो, त्यामुळे मला २२०० बरोबर वाटतंय आणि खरं सांगायचं तर साहेबांनाही तोच आवडेल कारण कॉम्प्रेसर लहान लागेल. पण २२०० आणि ३४५९ मध्ये साडेबाराशेचा फरक आहे, झोप लागत नाही. कुठला धरू?

स्लिमट्यूबवाली

कुठला धरू हे नंतर, आधी मला सांगा लॅबने ट्यूबमध्ये कुठलं तेल भरलं होतं? लाइव्ह की डेड? म्हणजे विरघळलेल्या गॅससकट पुन्हा जुळवलेलं सॅम्पल होतं की टाकीतून कॅन भरून पाठवलेलं? रिपोर्टच्या पहिल्या पानावर हे कधीच नसतं, आतमध्ये सॅम्पल प्रिपरेशनच्या परिच्छेदात बघा.

दुसरं, यलिग-मेटकाफ १९८० चं आहे आणि त्यात फक्त तापमान जातं, तेलाचं काहीच नाही. तुमचं मॉलिक्युलर वेट १८० असो की २४०, ते तेच उत्तर देणार. शिवाय त्यांचे प्रयोग साधारण १९२ फॅरनहाइटपर्यंतच होते, तुम्ही २३० ला लावताय. तेव्हा तो २८५२ आधी बाजूला ठेवा, तो लॅबच्या आकड्याजवळ आला हा निव्वळ योगायोग आहे.

आणि स्लिम ट्यूबबद्दल थोडं, कारण लोक त्या आकड्याकडे देववाणी असल्यासारखं बघतात. बारा-पंधरा मीटर लांब बारीक स्टीलची नळी, वेटोळं घातलेली, आत वाळू किंवा काचेचे मणी ठासलेले. तेलाने भरायची, एका प्रेशरला सीओटू ढकलायचा, १.२ पोअर व्हॉल्यूम, म्हणजे नळीतल्या रिकाम्या जागेच्या १.२ पट, गॅस गेला की किती टक्के तेल निघालं ते लिहायचं. मग टोल्युइनने धुवायची, सुकवायची, पुन्हा भरायची, पुढचं प्रेशर. असे पाचसहा बिंदू मिळाले की आलेख काढायचा, वर चढणारी रेघ जिथे वाकून सपाट होते तो एमएमपी. पुस्तकातल्या चित्रात ती कोपरासारखी वाकते, माझ्याकडे मात्र कितीदा ती नुसती गोलाई घेते आणि मग कोणी ९० टक्के रिकव्हरीला रेघ मारतं, कोणी दोन सरळ रेषा ओढून छेद घेतं, त्यातच शंभर-दीडशे पीएसआय इकडचे तिकडे होतात. त्यामुळे २७५० मधला तो ५० फार मनावर घेऊ नका.

शेलकट

ताई, रिपोर्ट उघडला. पान ७, तिसरी ओळ, "स्टॉक टँक ऑइल, फिल्टर करून वापरले". 🤦 एक वर्ष हा आकडा आमच्या सगळ्या प्रेझेंटेशनमध्ये फिरतोय.

क्युबिककाका

हाहा, मग तुझं अर्धं कोडं सुटलं की. क्रॉनक्विस्टच्या सूत्रात मीथेन जातो ना, तो शून्य करून बघ. मीच केलं, बाकी सगळं तेच ठेवून २६९५ येतं. लॅबचा २७५०. म्हणजे ३४५९ आणि २७५० हे भांडण नाहीच आहे, एक आकडा मीथेनसकट तेलाचा आणि दुसरा मीथेन उडून गेलेल्या तेलाचा. फक्त मीथेनने साडेसातशे पीएसआय हलले.

अर्थात क्रॉनक्विस्ट इथे जरा जास्तच ताणतो. त्याला मीथेन दिसतो पण इथेन-प्रोपेन-ब्युटेन दिसत नाहीत. अ‍ॅलस्टनचं १९८५ चं सूत्र हलक्या आणि मधल्या घटकांचं गुणोत्तर घेतं, कारण मीथेन एमएमपी वाढवतो पण मधले घटक सोबत असतील तर बरंचसं सावरून घेतात. टाकीत तेल उघडं पडलं की मीथेनबरोबर हे मधलेही थोडेफार उडतात. तेव्हा लाइव्ह तेलाचा खरा आकडा २७५० च्या वर असणार पण ३४५९ इतका कदाचित नसेल. पूर्ण कॉम्पोझिशन आणि पीव्हीटी (प्रेशर-व्हॉल्यूम-तापमान चाचणीचा) रिपोर्ट असेल तर पेंग-रॉबिन्सनचं समीकरण त्याला ट्यून करून मल्टिपल मिक्सिंग सेल, म्हणजे तेल-गॅसची पुन्हा पुन्हा गाठ घालणारा हिशोब, चालव, सूत्रांच्या नादी लागू नकोस.

आता तुझ्या नॅनोपोअरकडे येतो, तिथे माझं जरा डोकं तापतं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपर लिहिणारे त्या एकाच पातेल्यात ढवळतात.

पहिली कॅपिलरी प्रेशर. बारीक छिद्रात तेल आणि गॅसचं प्रेशर वेगळं असतं, फरक म्हणजे दोन सिग्मा (तेल-गॅसमधला पृष्ठताण) भागिले त्रिज्या. सिग्मा ५ मिलिन्यूटन प्रति मीटर धर, त्रिज्या १० नॅनोमीटर, भिंत पूर्ण ओली, तर फरक १ मेगापास्कल, म्हणजे १४५ पीएसआय. हे खरं आहे आणि यामुळे बबल पॉइंट, म्हणजे ज्या प्रेशरला तेलातून गॅसचे पहिले बुडबुडे सुटतात तो, खाली सरकतो तेही खरं. पण एमएमपीला काय होतं? मिसिबिलिटीची व्याख्याच ही की तिथे सिग्मा शून्य. सिग्मा शून्य तर कॅपिलरी प्रेशरही शून्य. जसजसा तू एमएमपीजवळ जातोस तसतसा हा परिणाम आपोआप विरघळून जातो. त्यामुळे कॅपिलरीमुळे एमएमपी शेकड्यांनी उतरला असं कोणी म्हणालं तर त्याचा कोड मागून घे.

दुसरी क्रिटिकल पॉइंट, म्हणजे जिथे द्रव आणि वायूतला भेदच संपतो तो बिंदू, सरकण्याची. छिद्र रेणूच्या मापाजवळ आलं की क्रिटिकल तापमान आणि प्रेशर दोन्ही कमी होतात. बहुतेक जण २००४ चं झारागोइकोएचेया आणि कुझ यांचं सूत्र वापरतात, ०.९४०९ गुणिले रेणूचा व्यास भागिले त्रिज्या, वजा ०.२४१५ गुणिले त्याच गुणोत्तराचा वर्ग. सीओटूचा व्यास साधारण ०.३९ नॅनोमीटर. ५० नॅनोमीटर त्रिज्येला घट पाऊण टक्क्याच्या आत, १० ला ३.७ टक्के, ३ ला एकदम १२ टक्के. डेकेनसारखा जाडजूड रेणू घेतलास तर १० नॅनोमीटरलाच ७ टक्के, म्हणजे क्रिटिकल तापमान ४० केल्विनहून जास्त खाली. जड घटक जास्त सरकतात म्हणून समीकरणाला वाटतं की तेल हलकं झालं आणि हलक्या तेलाचा एमएमपी कमी, एवढीच ती जादू. तुझ्या २२०० चा जन्म इथला आहे, मी पैज लावतो.

आणि ते सूत्र आलंय कुठून, तर चौकोनी नळीतल्या लेनर्ड-जोन्स नावाच्या कल्पित द्रवाच्या व्हॅन डर वाल्स मॉडेलमधून, ज्यात भिंत द्रवाला ओढत नाही. आपल्या शेलमध्ये केरोजेनची (दगडातल्या सेंद्रिय पदार्थाची) भिंत तेल आणि सीओटू दोघांनाही चिकटवून धरते. ओढ आलीच नाही तर हिशोब कसला.

डेटादळण

काकांची पैज काका जिंकले असं समजा. @शेलकट, तुमच्या डेटामध्ये पोअर रेडियसचा कॉलम भरलेल्या ज्या ओळी आहेत, त्यांचा एमएमपी कोणी मोजला होता? मला वाटतं जवळजवळ सगळ्या ओळी क्रिटिकल शिफ्ट घातलेल्या समीकरणातून काढलेल्या असणार. म्हणजे तुमचं मॉडेल निसर्गाकडून काही शिकलं नाही, ते त्या सूत्राची नक्कल करायला शिकलं आणि मग तुम्ही म्हणताय की मॉडेल आणि पेपर दोन्ही एकच सांगतात. सांगणारच, एकाच विहिरीचं पाणी आहे.

दुसरं म्हणजे ०.९७. डेटाचे ट्रेन (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) असे भाग कसे पाडले, रँडम? या सगळ्या गोळा केलेल्या डेटामध्ये एकच तेल दहा-दहा ओळींत असतं, एकदा शुद्ध सीओटूबरोबर, एकदा ५ टक्के नायट्रोजन घालून, एकदा १० टक्के मीथेन घालून, मग तापमान बदलून. रँडम पाडलं की त्याच तेलाच्या सात ओळी ट्रेनमध्ये आणि तीन टेस्टमध्ये. मॉडेल तेल ओळखतं, मिसळणं ओळखत नाही. प्रत्येक तेलाला एक नंबर द्या आणि अख्खं तेलच्या तेल टेस्टमध्ये टाका, मग आर स्क्वेअर सांगा.

आणखी एक, हे मी स्वतः खाल्लेलं आहे म्हणून सांगतो. वेगवेगळ्या पेपरातून डेटा घेताना कुठे तापमान सेल्सिअसमध्ये असतं कुठे फॅरनहाइटमध्ये, आणि ११० हा आकडा दोन्हीकडे शोभून दिसतो. माझ्या एका फाइलमध्ये अशा चोवीस ओळी निघाल्या होत्या. मॉडेलने तक्रार केली नाही, त्याने गुपचूप तापमानाचं महत्त्व कमी केलं आणि मी आठवडाभर त्यावर विचार करत बसलो की या तेलांना तापमानाचं काही वाटत का नाही. शुद्ध सीओटू घेऊन बाकी सगळं स्थिर ठेवा आणि फक्त तापमान वाढवत न्या. तुमच्या टप्प्यात एमएमपी वाढत जायला पाहिजे, मध्येच खाली आला तर मॉडेलला नाही, डेटाला आधी झापा.

स्लिमट्यूबवाली

काकांशी एका मुद्द्यावर माझं जमत नाही. नॅनोपोअरचा परिणाम सूत्रातून नीट येत नाही हे मान्य, पण म्हणून तो नाहीच असं नको. नॅनोफ्लुइडिक चिप्सवर, काचेत किंवा सिलिकॉनमध्ये कोरलेल्या नॅनोमीटरच्या वाहिन्यांमध्ये, लोकांनी हायड्रोकार्बनचं उकळणं आणि बुडबुडे होणं प्रत्यक्ष बघितलंय आणि ते मोठ्या भांड्यातल्यासारखं होत नाही. आमच्याकडे चिप नाही, पण व्हॅनिशिंग इंटरफेशियल टेन्शनची पद्धत आहे, तेलाचा स्तंभ केशनळीत किती चढतो ते बघत प्रेशर वाढवायचं, स्तंभ उतरत उतरत शून्याला आला की झालं. स्लिम ट्यूबला आठवडे जातात, हे एक-दोन दिवसात होतं, तेल चमचाभर लागतं. पण तीही नळी मिलिमीटरच्या मापाची, तिला नॅनो काही कळत नाही.

क्युबिककाका

नाही असं मी म्हणालोच नाही ताई, मी म्हणालो शेकडो पीएसआयची सवलत त्याच्या भरवशावर घेऊ नको.

जुना_चिखल

वरचं सगळं वाचलं, छान चाललंय, पण मी रिगवाला माणूस आहे तेव्हा एक आडवा प्रश्न. शेलमध्ये एमएमपी गाठला म्हणजे नेमकं काय होतं असं वाटतं तुम्हाला?

स्लिम ट्यूबमध्ये गॅस तेलाला ढकलत नेतो. पुढचा गॅस तेलातले मधले घटक उचलतो, श्रीमंत होतो, पुन्हा ताज्या तेलाला भेटतो, असं करत करत मिसळतो, त्याला मल्टी कॉन्टॅक्ट म्हणायचं. टेक्सासच्या सॅकरॉक तेलक्षेत्रात १९७२ पासून सीओटू असाच एका विहिरीतून दुसरीकडे ढकलत नेलाय, तिथे एमएमपीला अर्थ आहे. शेलची परमिएबिलिटी, म्हणजे आतून वाहू देण्याची क्षमता, नॅनोडार्सीत, म्हणजे नगण्य. तिथे गॅस मॅट्रिक्समधून (भेगांमधल्या अखंड दगडातून) वाहत जात नाही, फ्रॅक्चरमधून (भेगांतून) सुसाट पळतो आणि दगडात शिरतो तो डिफ्युजनने, म्हणजे रेणू आपसूक पसरत जाऊन, मुंगीच्या पावलांनी. हिशोब करा. नुसत्या तेलात सीओटूचा डिफ्युजन कोएफिशंट दहाचा उणे नऊ घात मीटर वर्ग प्रति सेकंद या घरात. एक सेंटिमीटर शिरायला अंतराचा वर्ग भागिले तो, म्हणजे एक लाख सेकंद, सव्वा दिवसाच्या आत. आता टाइट दगडातल्या वाकड्यातिकड्या वाटांमुळे तो शंभरपट कमी धरा, तोच एक सेंटिमीटर चार महिने. एक मीटर शिरायचं म्हटलं तर अंतर शंभरपट म्हणून वेळ दहा हजारपट, तीन हजार वर्षं. सोक टाइम, म्हणजे मुरायला वेळ, तुम्ही किती देणार, महिना?

अमेरिकेतल्या बक्कन शेलच्या दगडांवर २०१३ च्या सुमाराला जे प्रयोग छापून आले ते बघा, ११० सेल्सिअस, ५००० पीएसआय, बोटाएवढ्या कांड्या सीओटूमध्ये बुडवून ठेवलेल्या. मिडल बक्कनच्या (मधल्या थराच्या) कांडीतून दिवसाभरात जवळपास सगळं तेल बाहेर. लोक हे वाचून नाचले. पण कांडी बोटाएवढी आहे, चारी बाजूंनी गॅस आहे, आणि ५००० म्हणजे एमएमपीच्या बऱ्याच वर. विहिरीत तुम्हाला किती पृष्ठभाग मिळतो ते फ्रॅक्चर किती दाट आहेत त्यावर, तिथे एमएमपीचा काही संबंध नाही.

म्हणून मी एमएमपीला दिव्याचं बटण समजत नाही. त्याच्या खाली गेलात तर नुकसान नक्की, कारण सीओटू नुसता हलके घटक उचलून आणतो आणि जड मागे राहतात. वर गेलात तर सीओटू दाट होतो आणि जड घटकही जास्त ओढतो, म्हणजे एमएमपीच्या वरही फायदा चालूच राहतो. बरोबर एमएमपीवर पंप थांबवणारा माणूस बिनकामाची काटकसर करतोय. फक्त अ‍ॅस्फाल्टीन (तेलातला डांबरासारखा जड भाग) किती आहे ते तपासा, ते खाली बसलं तर तुमच्या १० नॅनोमीटरच्या छिद्रात झाडू मारायला कोणी जात नाही.

आणि हो, तुमचे फ्रॅक्चर आत्ता रिकामे नाहीत. इतके दिवस विहीर चालली, त्यात मीथेनच भरलेला असणार. पहिल्या हफला तुम्ही शुद्ध सीओटू सोडाल पण दगडापाशी पोचेल तो मीथेन मिसळलेला.

क्युबिककाका

हा मुद्दा लाख मोलाचा. मीथेनचं क्रिटिकल तापमान १९०.६ केल्विन, सीओटूचं ३०४.१. मिसळले की मिश्रणाचं सरासरी खाली येतं आणि एमएमपी वर जातो. नायट्रोजन तर १२६ केल्विन, तो त्याहून वाईट. उलट हायड्रोजन सल्फाइड ३७३ केल्विन, तो एमएमपी उतरवतो, पण त्याला कोणी आवतण देणार नाही. म्हणजे बघ @शेलकट, तेलातला मीथेन गेला म्हणून एमएमपी उतरला आणि तोच मीथेन फ्रॅक्चरमध्ये बसून गॅस बिघडवतोय म्हणून चढला. मिक्सिंग सेल चालवशील तेव्हा इंजेक्शन गॅसमध्ये १० आणि २० टक्के मीथेन घालूनही चालव.

शेलकट

सगळ्यांना दंडवत. चार दिवस लागले पण आता रिपोर्टिंग.

डेटादळण, तुम्ही म्हणालात तसंच. पोअर रेडियसच्या सगळ्या, अगदी सगळ्या ओळी गणिताने काढलेल्या निघाल्या, एकही मोजलेली नाही. त्या काढून टाकल्या आणि तेलानुसार ग्रुप करून पाडलं तर आर स्क्वेअर ०.९७ वरून थेट ०.७१ वर. सेल्सिअसवाल्या ओळी ९ सापडल्या, त्यातल्या दोन मी स्वतःच टाइप केलेल्या होत्या. मॉडेल आता लाइव्ह तेलाला ३१०० च्या आसपास सांगतं पण वर-खाली चारशेची पट्टी आहे, म्हणजे नाही म्हणायला आहे.

पेंग-रॉबिन्सन ट्यून करून मिक्सिंग सेल चालवलं. लाइव्ह तेल आणि शुद्ध सीओटू ३१५०, गॅसमध्ये १० टक्के मीथेन घातला की ३४०० च्या वर जातं. कॅपिलरी प्रेशर चालू-बंद करून बघितलं, काकांनी सांगितलं तसं एमएमपी जागचा हलला नाही, बबल पॉइंट मात्र हलला. क्रिटिकल शिफ्ट घातली की लगेच धाडकन खाली, ती मी वेगळ्या पानावर "फक्त माहितीसाठी" म्हणून ठेवली.

साहेबांना सांगितलं की ३४०० च्या खाली डिझाइन करू नका आणि फ्रॅक प्रेशरच्या, म्हणजे दगड फुटतो त्या प्रेशरच्या, आत जितकं वर जाता येईल तितकं जाऊ. त्यांनी विचारलं मागच्या महिन्यात तर तू २२०० म्हणत होतास. मी म्हणालो तेव्हा मी सूत्राला विचारत होतो. त्यांना काही कळलं नसावं पण लाइव्ह सॅम्पलवर नवीन टेस्ट करायला मंजुरी मिळाली. ताई, आता सेपरेटरचं (विहिरीवर तेल-गॅस वेगळं करणाऱ्या टाकीचं) तेल आणि गॅस वेगवेगळं मागवतोय, पुन्हा जुळवताना जीओआर, म्हणजे तेलामागे गॅसचं प्रमाण, कुठला धरायचा? आजचा तर सुरुवातीच्या तिप्पट आहे.

स्लिमट्यूबवाली

आजचा अजिबात नाही. विहिरीजवळचं प्रेशर बबल पॉइंटच्या खाली गेलं की दगडातून गॅस तेलाच्या आधी पळून येतो, तो जीओआर कुठल्याच खऱ्या तेलाचा नसतो. पहिल्या काही आठवड्यांतला, जीओआर सपाट होता तेव्हाचा घ्या, तो मूळ तेलाचा. आणि जमलं तर दुसरं सॅम्पल आजच्या मॅट्रिक्समधल्या प्रेशरला जितका गॅस तेलात उरेल तेवढाच घालून बनवायला सांगा, कारण सीओटूची गाठ पडणार आहे ती त्याच तेलाशी. सिलिंडर पाठवताना सेपरेटरचं तापमान आणि प्रेशर लेबलवर लिहा, युनिटसकट.

डेटादळण

युनिटसकट 😂